उन्हाळा लागला की फिश फाइंडर तळ का हरवतो: कयाकमधल्या ट्रान्सड्यूसरचं दुखणं आणि त्यावरचा इलाज

फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून, परत आलेल्या आवाजावरून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. हा आवाज सोडणारा आणि ऐकणारा त्याचा सेन्सर म्हणजे ट्रान्सड्यूसर. माझ्या कयाकवर, म्हणजे वल्हवायच्या छोट्या अरुंद होडीवर, डिसेंबरात सगळं झकास चालतं. जानेवारीतही चालतं. मार्च लागला की सकाळी आठपर्यंत पडद्यावर तळाची रेघ नीट दिसते, दहाला ती तुटक होते आणि बाराच्या सुमाराला खोलीचा आकडा नुसता लुकलुकत बसतो. संध्याकाळी कधी परत येतो, कधी येत नाही. लागोपाठ तीन उन्हाळे माझ्या कयाकवर हेच झालं. दोनदा ट्रान्सड्यूसर उपटून नव्याने चिकटवला. तिसऱ्या खेपेला यंत्रच गेलं असं धरून नवीन सेन्सर मागवायला निघालो होतो. माझ्या ओळखीत कयाकवरून गळ टाकणारे पाच-सहा जण आहेत, त्यातल्या तिघांचं रडगाणं शब्दाला शब्द हेच आहे. म्हणून जरा तपशिलात लिहितो. त्यांनाही उपयोग होईल आणि उद्या कुणी नवीन कयाक घेतली तर त्याचे दोन उन्हाळे वाचतील.

आधी माझी मांडणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. कयाक दहा फुटी, वर बसायची, पॉलिइथिलीनची. आपल्या स्लॅबवरची काळी पाण्याची टाकी ज्या पद्धतीने, साचा फिरवत ठेवून बनवतात, त्याच पद्धतीने बनलेली. यंत्र पाच इंची पडद्याचं, ८३ आणि २०० किलोहर्ट्झवर चालणारं. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच. ट्रान्सड्यूसर बाहेर लोंबकळत नाही; सीटच्या पुढचं झाकण उघडून, आत हात घालून, पोटाच्या आतल्या बाजूने तळावर सिलिकॉनने चिकटवलेला. आवाज कयाकच्या तळातून आरपार खाली जातो. ही जागा निवडायचं कारण आपल्याकडचे किनारे. नदीवर घाटाच्या दगडी पायऱ्या आणि तलावावर मुरूम. बाहेर बसवलेला सेन्सर पहिल्याच महिन्यात पायरीवर आपटून त्याचा बसवणीचा कान तुटला होता. शिवाय आतून बसवला तर बोटीला भोक पाडावं लागत नाही.

माझं बहुतेक फिरणं कोल्हापुरात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या बरंच वर, तुंबलेल्या पाण्यात. पावसाळ्यात ज्या बंधाऱ्याच्या ३९ फूट (इशारा) आणि ४३ फूट (धोका) या आकड्यांकडे सगळं शहर डोळे लावून बसतं, तोच हा. पाऊस ओसरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी तुंबतं, आणि पुढचे काही महिने तिथं कयाकला हवं तसं संथ पाणी मिळतं. के. टी. वेअर म्हणून जे बंधारे महाराष्ट्रभर ओळखले जातात त्यातला 'के' कोल्हापूरचाच ('कोल्हापूर टाइप'). अशा तुंबलेल्या पाण्यात खोली दिवसभर फारशी हलत नाही, त्यामुळे यंत्र तपासायला ही जागा उत्तम. खुद्द बंधाऱ्याच्या भिंतीजवळ मात्र कुणी जाऊ नये. वरून धरणाचं पाणी सोडलं की ओढ एकदम वाढते. जॅकेट अंगात हवंच. आणि धरण, तलाव मासेमारीसाठी मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा त्यांना आधी विचारून जा. राधानगरीचं पाणी अभयारण्यात येतं, तिकडे हा विषयच काढू नका.

आता मूळ दुखण्याकडे.

आकडा गेला की पहिलं काम बसवणीला हात न लावण्याचं. आधी दोष यंत्राचा की बसवणीचा हे ठरवा. मी पहिली दोन वर्षं ही पायरी गाळली आणि फुकट मेहनत केली. एक ओळंबा घ्या, गवंड्याकडे असतो तो. त्याच्या दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. पाण्यात जिथं आकडा लुकलुकतोय तिथं थांबा, ओळंबा सोडा, गाठी मोजा. मग ट्रान्सड्यूसर आतून सुटा होत असेल तर काढून कयाकच्या काठावरून हाताने थेट पाण्यात धरा, तोंड सरळ खाली. चिकटवलेला असेल आणि सुटा होत नसेल, तर मित्राचा तसाच सेन्सर वायर बदलून जोडून बघा. थेट पाण्यात धरल्यावर आकडा गाठींशी जुळला तर यंत्र, वायर, बॅटरी, सेटिंग सगळं ठीक आहे. बिघाड उरतो तो फक्त सेन्सरच्या तोंडापासून बाहेरच्या पाण्यापर्यंतच्या दोन-तीन सेंटिमीटरांत.

इथं एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. काही यंत्रांना ट्रान्सड्यूसर सापडला नाही की ती आपोआप नमुन्याचं चित्र दाखवायला लागतात. घरात खुर्चीवर ठेवलं तरी मासे पोहताना दिसतात. एका मित्राने अख्खी सकाळ अशा खोट्या माशांवर गळ टाकला. पडद्याच्या कोपऱ्यात सिम्युलेटर किंवा डेमो असं काही लिहिलंय का, हे आधी बघा. लिहिलं असेल तर प्लग नीट बसलेला नाही, एवढाच अर्थ.

बॅटरीचंही इथंच उरकून घेऊ. पडद्यावर उभ्या रेघा येत असतील, उजेड कमी-जास्त होत असेल किंवा यंत्र मधेच बंद पडून चालू होत असेल, तर तो विजेचा मामला आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती रिकामी समजा. ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी विजेची मोटर) असेल तर तिची बॅटरी वेगळी ठेवा. प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढला असेल तर तो पुसा. ट्रान्सड्यूसरची वायर लांब होते म्हणून कापून जोडू नका. ती वायर मोजून दिलेली असते आणि सांध्यात पाणी शिरलं की कायमची डोकेदुखी. उरलेली वायर सैल वेटोळं करून ठेवा. पण तळाची रेघ सावकाश फिकट होत जाते, तुटते, ऊन चढेल तशी बिघडते, हे बॅटरीचं लक्षण नव्हे. ते हवेचं लक्षण आहे.

हवा हा शब्द ऐकून मीही पहिल्यांदा मान डोलावली होती, पण पटलं नव्हतं. चिकटवताना इतकं दाबून बसवलं, हवा राहिली कुठून? नंतर आईच्या पोटाची सोनोग्राफी करायला गेलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी पोटावर थंड जेल ओतलं आणि आईने विचारलं, "हे कशाला हो?" ते म्हणाले, "मावशी, हे नसलं तर मशिनला तुमच्या पोटातलं काहीच दिसणार नाही. कातडी आणि मशीन यांच्यात हवा राहते." आपला फिश फाइंडर ही त्याच जातीची वस्तू आहे. आत एक चकती असते, वीज मिळाली की ती थरथरते आणि आवाज सोडते. परत आलेला आवाज तिला हलवतो आणि त्याची पुन्हा वीज होते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर जातो, म्हणजे चार मीटरवरच्या तळाला जाऊन यायला त्याला साडेपाच मिलिसेकंद पुरतात. पाण्यातून प्लॅस्टिकमध्ये आणि प्लॅस्टिकमधून परत पाण्यात शिरायला त्याला फारसा त्रास होत नाही, कारण पॉलिइथिलीन आवाजाच्या बाबतीत पाण्याच्या बरंच जवळचं आहे. पण हवा आणि पाणी यांच्यात या बाबतीत साडेतीन हजार पटींहून जास्त फरक आहे. दोन्हींची जिथं हद्द लागते तिथून जवळजवळ सगळा आवाज मागे फिरतो. त्यासाठी मोठा बुडबुडा लागत नाही. कागदाच्या जाडीची हवेची फट सेन्सरखाली पसरली की काम संपलं. आणि आवाजाला ती फट दोनदा ओलांडायची असते, जाताना एकदा आणि येताना एकदा.

मग ही फट थंडीत का नसते आणि उन्हाळ्यात कुठून येते? तिसऱ्या वर्षी मी ट्रान्सड्यूसर उपटला तेव्हा उत्तर हातात आलं. पहिल्या दोन वेळा रागारागात उपटून, खरवडून, पुन्हा चिकटवून मोकळा झालो होतो. या वेळी टॉर्चच्या उजेडात निवांत बघितलं. सिलिकॉनचा अख्खा थर सेन्सरला चिकटून साल निघावी तसा वर आला होता. कयाकच्या बाजूला त्याचा कणसुद्धा नव्हता, तळ अगदी गुळगुळीत. आणि थराच्या खालच्या बाजूला मधोमध रुपयाएवढा चकचकीत डाग. बाकीचा थर मळकट झालेला, तो डाग मात्र चांदीसारखा. तिथंच हवा बसली होती. शिवाय थराचा मधला भाग बोटाने दाबला तर अजून चिकट लागत होता, बसवून तीन महिने झाले असूनही.

यात एक नाही, तीन गोष्टी एकावर एक चढल्या आहेत, आणि म्हणूनच दुखणं परत परत येतं. पहिली गोष्ट, पॉलिइथिलीनला जवळपास काहीच चिकटत नाही. दुधाच्या पिशवीवर एखादा स्टिकर लावून बघा, लगेच कळेल. सिलिकॉन, एपॉक्सी, झटपट चिकटणारे डिंक, हे सगळे त्याला नुसते टेकून राहतात. दुसरी गोष्ट, सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने सुकतो, आणि तो बाहेरून आत सुकत जातो. एका बाजूला सेन्सरचं प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूला बोटीचं प्लॅस्टिक; दमट हवा शिरायला फक्त कडा. कडेला कातडं धरतं आणि मधला भाग ओलाच राहतो, पुढे आकसतो, आणि आकसताना पोकळी करतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि आपल्या भागात तिलाच सगळ्यात कमी लोक धरतात. ऊन. पॉलिइथिलीन तापलं की भलतंच पसरतं. दर मीटरमागे दर अंशाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. ॲल्युमिनियम याच्या कितीतरी कमी, ०.०२३ च्या आसपास पसरतं. जानेवारीच्या पहाटे कयाक गारठलेली असते. एप्रिलमध्ये गाडीच्या कॅरियरवर तासभर उन्हात राहिली की हात टेकवत नाही. मधला फरक तीस अंश सहज भरतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या ट्रान्सड्यूसरखाली तळ अर्धा मिलिमीटर सरकतो आणि वरचं टणक प्लॅस्टिक त्याच्याबरोबर तेवढं सरकत नाही. मग तीच तापलेली कयाक आपण पंचगंगेच्या गार पाण्यात सोडतो आणि ती पुन्हा आवळते. असं रोज. त्यात भर म्हणजे सीटजवळचा तळ आपल्या वजनाने वर-खाली लवतो. मुळातच नुसता टेकलेला डिंक या खेचाखेचीत कडेने सुटतो, हवा आत शिरते आणि सकाळी नीट दिसणारा तळ दुपारी नाहीसा होतो. संध्याकाळी प्लॅस्टिक गार होऊन थर परत दाबला जातो, म्हणून आकडा कधीकधी परतही येतो.

एवढं कळल्यावर जास्त चांगला डिंक शोधण्यात अर्थ उरला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत, प्लॅस्टिकच्या टाक्या वेल्ड करतात. त्यांना विचारलं, "मामा, याला नक्की काय चिकटतं?" ते म्हणाले, "चिकटत न्हाई ओ दादा. एकतर त्याच प्लॅस्टिकने वेल्ड करायचं, न्हाईतर चिकटवायचा नाद सोडायचा." प्लॅस्टिकवर गॅसची ज्योत भरभर फिरवून डिंक लावतात ती युक्ती खरी आहे, ज्योतीने वरचा थर बदलतो आणि डिंक जरा धरतो. पण बंद बोटीच्या पोटात, झाकणातून हात घालून ज्योत फिरवायची कल्पना मला पटत नाही, तुम्हीही करू नका. म्हणून नाद सोडला. ट्रान्सड्यूसर चिकटवायचाच नाही. त्याला पाण्यात ठेवायचं.

म्हणजे बोटीच्या पोटात, तळावर, एक छोटंसं कुंड करायचं. त्यात पेलाभर पाणी. ट्रान्सड्यूसर त्या पाण्यात बुडालेला, तळाला टेकलेला, वरून पट्ट्याने धरलेला. तळ पसरला, आवळला, लवला तरी पाणी त्याच्याबरोबर जातं, फट पडतच नाही. सोनोग्राफीच्या जेलचं काम पाणी करतं.

जागा मात्र आधी शोधावी लागते आणि त्यात घाई नको. एक जाड प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी घ्या, त्यात ट्रान्सड्यूसर ठेवून पाणी भरा, हवा पिळून काढा. बोटीच्या पोटात जिथं बसवायचा विचार आहे तिथंही थोडं पाणी ओता आणि त्यावर ही पिशवी ठेवा. दोन-तीन मीटर पाण्यात जाऊन आकडा बघा, ओळंब्याशी ताडा. मग पिशवी चार बोटं सरकवा, पुन्हा बघा. माझ्या कयाकमध्ये एका वीतभर अंतरात अगदी बरोबर आकडाही मिळाला आणि काहीच न मिळणारी जागाही निघाली. तळाला जिथं कणा आहे, कंगोरे आहेत किंवा आतून मजबुतीसाठी दोन थर जुळलेत, तिथं आवाज अडकतो. सपाट, एकेरी थराची जागा हवी. काही कयाकमध्ये दोन थरांमध्ये फोम भरलेला असतो. फोम म्हणजे हवाच. तिथं आतून बसवण्याचा हट्ट सोडून सरळ बाहेरच्या दांडीवर जा.

कुंडाचं कडं मी चपलेच्या सोलला वापरतात त्या ईव्हीए शीटचं केलं. चपलांचं सामान विकणाऱ्या दुकानात ती वेगवेगळ्या जाडीत मिळते, पाणी पीत नाही आणि कात्रीने कापता येते. ट्रान्सड्यूसरपेक्षा सगळीकडून बोटभर मोठं चौकोनी छिद्र ठेवून दोन इंच उंचीचं कडं होईल इतके थर एकावर एक लावले. आता कडं तरी तळाला कशाने धरायचं? इथं आपल्या पावसाने मदत केली. पत्र्याच्या शेडची गळती बंद करायला काळी ब्युटाइल टेप मिळते. त्यातली दोन्ही बाजूंनी चिकटणारी घ्या, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली नको. ब्युटाइल कधीच पूर्ण कडक होत नाही, मळलेल्या कणकेसारखा राहतो, आणि पॉलिइथिलीनला धरून राहणाऱ्या फार थोड्या वस्तूंपैकी तो एक आहे. तळ सरकला की तो ताणतो, सुटत नाही. लावण्याआधी जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, पूर्ण वाळू द्या, मग टेप दाबा. उन्हं कलल्यावर लावा. तापलेल्या तळावर लावली तर गार झाल्यावर सुरकुत्या पडतात.

टेपमध्ये कुठं बारीक फट राहिली तर कुंडातलं पाणी हळूहळू झिरपून बोटीच्या पोटात जाईल. ते पेलाभरच पाणी, त्याने काही बिघडत नाही, पण सेन्सर कोरडा पडेल. म्हणून घरी पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी पातळी बघा. माझं पहिल्या दिवशी एका कोपऱ्यातून गेलं होतं. तिथं टेपचा एक गोळा बोटाने भरला, मग थांबलं.

कुंडात पाण्याऐवजी व्हॅसलीन भरायचा मोह होतो, मीही भरलं होतं. थंडीत फार छान चालतं. पण उन्हात तापलेल्या कयाकमध्ये ते वितळून तेलासारखं पातळ होतं, वाहून जातं आणि गार झालं की मागे पोकळ्या सोडतं. मार्चचं तेच दुखणं वेगळ्या वाटेने परत येतं. साधं पाणी, आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पाणी पसरट होतं आणि सेन्सरच्या तोंडाला चिकटून बसलेले बारीक बुडबुडे सुटतात. सेन्सर बुडवताना आधी एक कड तिरकी घालून मग आडवा करा, सरळ दाबला तर खाली हवेचा घास अडकतो. बोटाने तोंड एकदा पुसून घ्या. वरून एक वेल्क्रोचा पट्टा, त्याची दोन्ही टोकं कड्यावर, म्हणजे लाटेत सेन्सर तरंगणार नाही.

तिरकेपणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यात बरेच जण माशाला दोष देतात. रिकामी कयाक घरी जमिनीवर सपाट असते. तुम्ही बसलात, मागे बर्फाची पेटी आणि बॅटरी आली, की तिचा मागचा भाग दबतो आणि नाक वर उचलतं. सेन्सरही तेवढाच तिरका होतो. दहा अंश तिरका झाला तर दहा मीटर खोलीवर आवाजाचा झोत पावणेदोन मीटर बाजूला पडतो. मासा धनुष्यासारखा पूर्ण दिसायच्या ऐवजी अर्धाच दिसतो, एक बाजू लांब आणि दुसरी कापलेली. उथळ पाण्यात सामानासकट बसा आणि मित्राला पाणसळ बोटीच्या तळाच्या समांतर भागावर ठेवायला सांगा. तिरकेपणा जेवढा असेल तेवढी पातळ चकती सेन्सरच्या एका बाजूखाली घाला. कुंडात पाणी असल्याने सेन्सर तळाला घट्ट टेकलेला नसला तरी चालतं, ही चिकटवण्यापेक्षा या पद्धतीची आणखी एक सोय. उभ्या कयाकखाली मासा थांबला असेल तर धनुष्य दिसणारच नाही, लांब रेघ दिसेल. त्यात बिघाड नाही.

माझ्या यंत्रात २०० किलोहर्ट्झचा झोत वीस अंशांचा आहे, म्हणजे तळावर दिसणारं वर्तुळ खोलीच्या साधारण एक तृतीयांश. चार मीटर पाण्यात जेमतेम दीड मीटर. ८३ चा साठ अंशांचा, तो खोलीपेक्षा थोडा जास्त रुंद बघतो. आतून बसवल्यावर आवाज बोटीच्या तळातून दोनदा जातो म्हणून थोडा क्षीण होतो. यंत्रातली संवेदनशीलता (सेन्सिटिव्हिटी) दोन-तीन टप्पे वर न्या, एवढं पुरतं.

आतून बसवण्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगतो. पाण्याचं तापमान खरं कळत नाही, बोटीच्या पोटातलं कळतं. आणि डाव्या-उजव्या बाजूचं चित्र काढणारे सेन्सर आतून चालत नाहीत, त्यांना दोन्ही बाजूंना मोकळं पाणी लागतं. तसं यंत्र असेल तर बाजूच्या दांडीवर बसवणं भाग आहे. ॲल्युमिनियमची तीन मिलिमीटर पट्टी, उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये हवी तशी वाकवून मिळते. एकच बोल्ट, नायलॉनच्या लॉकनटने इतपत आवळलेला की दगडाला लागलं तर दांडी मागे फिरेल, तुटणार नाही. सेन्सरचं तोंड बोटीच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं खाली, आणि वल्ह्याचा फटका जिथं पडतो त्याच्या मागे नव्हे. वल्हं पाण्यात हवा ढकलतं आणि ती हवा थेट सेन्सरखालून जाते. वेगात तळ हरवतो त्याचं हेच कारण. इचलकरंजीकडे जलपर्णीत तर दांडी निरुपयोगी, मिनिटामिनिटाला मुळं गुंडाळून बसतात. वर बसायच्या कयाकला पाणी जायची जी भोकं असतात, त्यात सेन्सर बसवणं हा मधला मार्ग आहे, पण तोंड तळाच्या पातळीतच हवं. बोटभर आत राहिलं तर भोकात हवा अडकते, बोटभर बाहेर आलं तर घाटाची पायरी त्याची वाट बघतेच आहे.

सगळं बसवून झाल्यावर काही आकडे तरीही विचित्र वाटतील. एक-दीड मीटर पाण्यात कधी बरोबर दुप्पट खोली दिसते, कारण आवाज तळावरून वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन येतो आणि यंत्र दुसरा प्रतिध्वनी धरतं. संवेदनशीलता कमी करा, जाईल. पाव-अर्धा मीटर पाण्यात आकडा येतच नाही, ते यंत्राच्या रचनेतच आहे. काळ्या मऊ गाळावर तळाची रेघ जाड आणि पुसट दिसते, मुरूम आणि दगडावर बारीक आणि ठसठशीत. ही ओळख पटली की मरळ कुठल्या कडेला असेल आणि रोहू-कटला कुठल्या, याचा अंदाज बांधायला फार मजा येते, पण तो विषय वेगळा.

मागच्या एप्रिलमध्ये मी मुद्दाम दुपारी एकला, कयाक दोन तास उन्हात ठेवून मग पाण्यात सोडली. चार मीटरच्या जागी ओळंबा आणि पडदा यांच्यात एका गाठीचाही फरक पडला नाही, संध्याकाळपर्यंत. कुंडातलं पाणी मात्र दर वेळी नवीन भरावं लागतं, बाटलीतलं पेलाभर; उन्हात ते उडून जातं. जूनमध्ये कयाक आत ठेवताना सेन्सर काढून, पुसून, पेपरात गुंडाळून ठेवतो. कडं तसंच राहू देतो. बरगे पुन्हा घातले की पहिल्या दिवशी ब्युटाइलची कड बोटाने चारी बाजूंनी दाबत जायचं आणि रात्रभर पाणी भरून ठेवायचं, मगच नदीवर.